मॉर्मन लोक काय मानितात?

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा आपण लेंकरांस शिकवितों. पण परक्याच्या मताविषयीं बोलतांना ती आपणांस क्वचितच आठवते. मॉर्मन म्हणजे पुष्कळ बायका करणारे लोक, एवढेंच बहुतेकांच्या कानांवर असतें. त्यांच्या मुख्य मंडळीनें ती चाल सोडल्याचें १८९० सालीं जाहीर केलें, आणि आज तसें लग्न करणारास ती मंडळींतून काढून टाकते. म्हणून त्यांचें खरें मत काय, हें आम्ही वाचकांपुढें मांडितों.

जोसेफ स्मिथ हा अमेरिकेंतील एका शेतकऱ्याचा मुलगा. इतक्या मंडळ्यांत खरी कोणती, असें आपण १८२० सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील एका रानांत प्रार्थनेंत विचारिलें, तेव्हां पिता व पुत्र यांनीं आपणांस दर्शन दिलें, असें तो सांगे. पुढें मोरोनी नामक दूतानें दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतर केलें म्हणून त्यानें १८३० सालीं ‘मॉर्मनाचें पुस्तक’ छापविलें, व त्याच वर्षीं मंडळी स्थापिली. १८४४ सालीं कार्थेज येथील तुरुंगांत जमावानें त्यास ठार मारिलें. आणि १८४७ सालीं ब्रिगम यंग यानें ह्या लोकांस सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत नेलें. त्यांचे उपदेशक १८५० नंतरच्या थोड्याच वर्षांत मुंबईस व पुण्यासही येऊन गेले.

प्रेषितांच्या मागें खरी मंडळी व तिचा अधिकार हीं पृथ्वीवरून नाहींशीं झालीं, आणि देवानें तीं स्मिथाच्या द्वारें परत दिलीं, हा ह्या मताचा मधला खांब होय. बाकीचें सर्व त्याच्यावर उभें आहे. म्हणून ते पवित्र शास्त्राबरोबर आणखी तीन ग्रंथ मानितात; आणि त्यांचा अध्यक्ष हा जिवंत भविष्यवादी असून त्यास आजही प्रकटीकरण होतें, असें म्हणतात.

पिता, पुत्र व पवित्र आत्मा हीं नांवें तेही घेतात. परंतु हे तिघे वेगवेगळे असून हेतूनें मात्र एक आहेत, आणि पित्यास मांसाचें व हाडांचें शरीर आहे, असें ते शिकवितात. आपला देव तर आत्मा आहे व एकच आहे. शब्द तेच, पण अर्थ निराळा; येथें वाचकांनीं सावध असावें.

आतां जी गोष्ट आपल्या अंतःकरणास लागते तीकडे वळूं. आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे ख्रिस्ताचें नांव न ऐकतां मेले. त्यांचें काय, हा प्रश्न प्रत्येक उपदेशकास कोणी तरी म्हातारी विचारतेच. मॉर्मन लोक म्हणतात कीं, मृतांस आत्म्यांच्या लोकीं सुवार्ता ऐकावयास मिळते. म्हणून ते पूर्वजांचीं नांवें शोधून मंदिरांत त्यांच्या वतीनें बाप्तिस्मा घेतात, आणि तो स्वीकारणें न स्वीकारणें मृताच्या इच्छेवर ठेवितात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायांतील एका वचनाचा ते आधार देतात. पण पौल तेथें पुनरुत्थान सिद्ध करीत आहे, असें करण्याची आज्ञा देत नाहीं. मेलेल्यांविषयींची त्यांची ही प्रीति आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. तरी आपल्या पूर्वजांचा न्याय करणारा अब्राहामाचा देव आहे. तो अन्याय करणार नाहीं, आणि त्याची दया आपल्या दयेहून थोडी नाहीं. त्या म्हातारीस एवढें सांगावें, आणि तिच्याबरोबर प्रार्थना करावी.

त्यांच्या आचरणांत शिकण्याजोगें पुष्कळ आहे. ते दारू, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य करितात. उत्पन्नाचा दशांश देतात. महिन्यांतून एकदां उपास करून त्या जेवणाचें मोल गरिबांस देतात. आणि त्यांचे हजारों तरुण दोन दोन वर्षें उपदेशास जातात. आपल्या मंडळ्यांत दशांश देणारीं घरें किती, हें ज्याचें त्यानें मनांत मोजावें.

असा कोणी उपदेशक दारीं आला तर त्यास पाणी द्यावें, त्याचें बोलणें ऐकून घ्यावें, शास्त्र उघडून सर्व पारखावें, आणि जें चांगलें तें धरून ठेवावें. ज्यास आपला विश्वास नीट ठाऊक आहे, त्यास दुसऱ्याची निंदा करण्याची गरज पडत नाहीं.