एका रात्रीचा पाहुणा

अतिथी कोणाला म्हणावे याचा निर्णय करताना मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात जी खूण सांगितली आहे ती मोठी साधी आहे: परक्या घरी जो एकच रात्र राहतो, ज्याचे राहणे नित्याचे नाही, तो अतिथी. स्मृतिकाराने ही व्याख्या ब्राह्मणापुरती केली, तेवढा संकोच आज कोणी मानू नये. परंतु रात्रीची ती खूण मात्र टिकून राहिली. संयुक्त राष्ट्रांचे सांख्यिकी दफ्तर पर्यटक कोणाला म्हणते हे पाहावे, तर आपला नित्याचा परिसर सोडून जो दुसऱ्या मुलखात निदान एक रात्र काढतो आणि वर्षाच्या आत परततो, तो पर्यटक. इतक्या शतकांच्या अंतरावरील दोन शास्त्रे एकाच रात्रीपाशी येऊन थांबतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. स्मृती यजमानाला विचारते, तू काय दिलेस. कोष्टक पाहुण्याला विचारते, तू काय खर्चिलेस. या दोहोंपैकी कोणता प्रश्न आधी विचारावा, हा विषय वरवर अर्थशास्त्राचा दिसला तरी मुळात तो धर्माचा आहे, असे मला वाटते.

कोष्टकांतले आकडे विस्मयकारक आहेत. 1950 साली साऱ्या जगात देशांच्या सरहद्दी ओलांडणाऱ्या पर्यटकांची संख्या सुमारे अडीच कोटी धरतात. 2019 साली ती 146 कोटींच्या घरात गेली. आपल्या देशात 1951 साली सुमारे 17 हजार परदेशी प्रवासी आले होते, 2019 साली सुमारे एक कोटी नऊ लाख आले. माणसांच्या गणनेत फ्रान्स कित्येक वर्षे अग्रभागी आहे, पैशाच्या गणनेत अमेरिका; कारण फ्रान्समध्ये उतरणाऱ्यांपैकी पुष्कळजण पुढच्या देशाच्या वाटेवर एखाददुसरी रात्र काढतात, आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलेला मनुष्य लवकर परतत नाही व हातही सैल सोडतो. या तुलनेतून राज्यकर्त्यांच्या मनात हळूहळू असा विचार रुजला, की पाहुणे थोडे असले तरी चालतील, पण ते खर्चणारे असावेत. भूतानने 2022 साली परदेशी प्रवाशावर रात्रीमागे 200 डॉलर कर बसवला आणि पुढच्या वर्षी तो 100 वर आणला. शेजारी म्हणून भारतीयांना दर पुष्कळ कमी ठेवला. अरण्ये आणि मठ गर्दीपासून राखण्याचा त्यामागचा हेतू मला आदरणीय वाटतो. तरीही, ज्याने गृहत्यागानंतर आयुष्यभर भिक्षापात्र घेऊन पायी प्रवास केला त्या बुद्धाला पूजणाऱ्या मुलखात, दूरदेशाहून आलेल्या निर्धन उपासकाने रात्र कशी काढावी, हा प्रश्न मनातून जात नाही.

सरहद्द म्हणजे काय, हे आमच्या खजुरीच्या माणसाला ग्रंथ वाचून शिकावे लागत नाही. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातले हे गाव. कोणाच्या घरात मराठी, कोणाच्या घरात कानडी, आणि बाजारात दोन्ही. एकाच घरातला थोरला आषाढीला पंढरपूरला जातो, धाकटा पौर्णिमेला गाणगापूर गाठतो, आणि कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसात फुलांची चादर चढवायला दोघेही जातात. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता. पंढरीच्या वाटेवर अक्कलकोट संस्थान लागे, पुढे सोलापूरचा इंग्रजी इलाखा. मध्ये करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके, आणि कमरेच्या कशात निजामाचे हाली रुपये असतील तर शंभर इंग्रजी कलदारांना सुमारे 116 हाली मोजावे लागत. आजच्या व्याख्येने तो वारकरी परमुलखात गेलेला प्रवासी होय. निजामाचा अंमल उठला, आणि त्याच वाटेने त्याच विठोबाकडे जाणारा तोच मनुष्य स्वदेशातला वाटसरू ठरला. मग 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, खजुरी म्हैसूर राज्यात आली, शेजारचा उमरगा मुंबई राज्यात गेला, आणि पश्चिमेला होती ती हद्द उत्तरेलाही आली. सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया फुटले तेव्हा तर असंख्य लोक नातलगांच्या गावी जाता जाता एकाएकी आंतरराष्ट्रीय प्रवासी झाले. म्हणून देशादेशांच्या पन्नास-साठ वर्षांच्या अंकांची तुलना करणाऱ्याने आधी नकाशे शेजारी ठेवून पाहावेत.

हे झाले संख्येचे. खर्चाचे कोडे याहून गहन आहे, आणि ते मला गाणगापुरात कळले. भीमेला जेथे आमच्या तालुक्यातून वाहत आलेली अमरजा मिळते, तेथले हे नृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुकांचे क्षेत्र. मध्यान्ही दत्तगुरू स्वतः येथे भिक्षेला येतात अशी श्रद्धा असल्यामुळे, आलेल्या भाविकानेही निदान पाच घरी माधुकरी मागावी असा प्रघात आहे. एका दुपारी तेथल्या गल्लीत मी एक गृहस्थ पाहिले. अंगावरचे सोवळे भारी रेशमाचे, बोटात अंगठी. घरी दहा माणसांना पोसत असतील असा चेहरा. एका ओसरीसमोर उपरण्याचा पदर पसरून ते उभे होते आणि पदर धरलेले हात थरथरत होते. त्यांच्या शेजारी उन्हाने रापलेला एक शेतमजूर, त्याचाही पदर तसाच पसरलेला. ओसरीवरच्या म्हाताऱ्या बाईंनी दोघांनाही ज्वारीची चतकोर-चतकोर भाकर वाढली, वर घट्ट वरण घातले, आणि कोणाच्या तोंडाकडे न पाहता त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. त्या गृहस्थांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. आयुष्यभर त्यांनी पुष्कळ दिले असेल. हात पसरण्याचा प्रसंग मात्र बहुधा पहिलाच असावा, आणि यात्रेला आले होते ते या क्षणासाठीच. त्यांच्या खोलीचे भाडे आणि मोटारीचे तेल कुठल्या तरी तक्त्यात चढले असेल; ती चतकोर भाकर कुठे चढवणार?

तरी तक्ते करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. यात्रेकरूंबरोबर पटकीही प्रवास करते हे ओळखून 1866 साली कॉन्स्टँटिनोपलला राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली. माणसे मोजल्यावाचून त्यांच्यासाठी पाण्याची व्यवस्था करता येत नाही. 2020 साली महामारीत 146 कोटींवरून प्रवाशांची संख्या 40 कोटींच्या आसपास घसरली, त्या वर्षी देवळांची दारे बंद झाली तेव्हा फुलवाल्याच्या आणि रिक्षावाल्याच्या घरी चूल कशी पेटली असेल, हे आठवले म्हणजे त्या अंकांना निर्जीव म्हणवत नाही. इतकेच नव्हे, तर 2008 सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या शिफारसींत प्रवाशाने धर्मादाय दिलेली रोख रक्कम त्याच्या पर्यटनखर्चातून वगळली आहे, कारण ती उपभोग्य वस्तूची किंमत नव्हे. आपल्या मीमांसकांनीही यज्ञातल्या दक्षिणेला ऋत्विजांचा परिक्रय, म्हणजे त्यांच्या कामाचे मोल, मानले आणि दानाला तिच्यापासून वेगळे ठेवले. हिशेबनिसाने आपल्या वाटेने जाऊन तोच भेद राखला, याचा मला आनंद वाटतो. पण पाहुण्याने केलेले दान निदान वगळण्यासाठी तरी ध्यानात आले. यजमानाने पाहुण्याला जे दिले त्याचा तर विचारही तेथे उद्भवत नाही, आणि एखादा देश कसा आहे हे ज्यावरून कळावे ती गोष्ट माझ्या मते हीच.

माझी आजी खजुरीच्या सडकेलगतच्या घरात पंढरीच्या पायी वाटसरूंसाठी कडक भाकरी करून ठेवीत असे. पातळ थापायची, तव्यावरून काढून निखाऱ्यावर शेकायची, आणि पापडासारखी वाजेपर्यंत वाळवून शेंगांच्या चटणीसह फडक्यात बांधायची; अशी भाकर पंढरपूरपर्यंत सहज टिके. किती लोकांना वाढले असे कोणी विचारले तर तिला सांगता येत नसे. भाकरी मात्र ती मोजी. संध्याकाळी टोपलीत पाच-सहा उरल्या असल्या, की कंदिलाची वात मोठी करून ती उंबऱ्याशी बसून राही, आणि कोणी मागे पडला असेल म्हणून आळंदच्या बाजूला पाहत असे.