आता तुम्ही बसा

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी मी आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढत होतो, तोच सूनबाई धावत आली आणि माझ्या हातातली दोरी काढून घेत म्हणाली, "बाबा, आता तुम्ही बसा." शब्द मायेचेच होते. मी बसलो. पण स्टुलावर पाय ठेवताना मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि खुर्चीत टेकलो तेव्हा अठ्ठ्याहत्तरांचा झालो, असे मला वाटले खरे.

माणसाला एकच वय असते हा आपला गोड गैरसमज आहे. एक वय जन्माच्या दाखल्यावर असते, दुसरे गुडघ्यांत असते आणि तिसरे लोक आपल्याला सांगतात. या तिसऱ्या वयाची गंमत महर्षी कर्व्यांच्या चरित्रात आहे. 1875 साली मुरुडहून शंभरावर मैल चालून हा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला गेला. तो सतरा वर्षांचा आहे हे परीक्षकांना खरेच वाटेना, म्हणून त्याला परत पाठवले. पुढे ज्या वयात आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन माणसाला घरी बसवतात, त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, 1916 साली, याच माणसाने महिला विद्यापीठ उभे केले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली, शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला. कोण काय म्हणते यावरून आपले वय ठरवायचे नाही, हा धडा त्यांनी साताऱ्यालाच घेतला असेल काय?

आता कोणी म्हणेल, कर्वे ते कर्वे! तर एका साध्या गावाची हकीकत सांगतो. अमेरिकेत ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या पन्नाशी ओलांडलेल्या रहिवाशांना 1975 सालापासून काही प्रश्न विचारले गेले. वय वाढते तसे सारे बिघडतच जाते काय, म्हातारपणी आपला उपयोग कमी होतो काय, असे ते प्रश्न होते. पुढे बेका लेव्ही या संशोधक बाईंनी त्यांतल्या 660 जणांच्या उत्तरांचा त्यांच्या आयुष्याशी मेळ घातला आणि 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. आपल्या वार्धक्याकडे आशेने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले होते. प्रकृती, मिळकत, एकटेपणा यांचा हिशेब धरूनही फरक उरत होता.

इथपर्यंत आले की आपल्यातला उपदेशक जागा होतो. आमच्या शेजारी एक आजी आहेत. संधिवाताने त्यांची बोटे वाकली आहेत. परवा एक गृहस्थ त्यांना सांगत होते, "आजी, मन आनंदी ठेवा, दुखणे पळेल." आजी हसल्या, पण त्या हसण्यात मला अपराध्याचा भाव दिसला. जणू बोटे वाकली ती त्यांचे मन कमी पडले म्हणून! आजाऱ्याच्या माथी आजाराचा दोषही मारायचा असेल, तर असले तत्त्वज्ञान न सांगितलेलेच बरे. उमेद हे काही औषध नव्हे, आणि ती एकट्या म्हाताऱ्याने आपल्या मनात पिकवायची वस्तूही नव्हे. ती त्याला घरातून मिळावी लागते, आणि घरच ती हिरावूनही घेते.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? पंचवीस वर्षांपूर्वी मीच ती हिरावून घेतली आहे. आमच्या आईची चकलीची भाजणी आळीत प्रसिद्ध होती. डाळ किती भाजायची ते ती नुसत्या वासावर ओळखी. तिला बहात्तरावे लागले त्या दिवाळीला मी भाजणीचा पुडा विकत आणला आणि म्हणालो, "आई, पुष्कळ केलेस, आता तू बस." ती बसली. पुढच्या वर्षी तिने भाजणीचा विषय काढला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी "दिवाळी कधी आहे रे?" हेही विचारले नाही. तिला तिचा आजार होता; माझ्या एका वाक्याने ती गेली असे मी म्हणत नाही. पण ती विचारायची थांबली, ते कशामुळे, हे मला ठाऊक आहे.

कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग मी फार उशिरा वाचला. तो 1976 साली प्रसिद्ध झाला होता. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, तुमचे तुम्ही ठरवा, आणि हे रोपटे तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, सगळे आम्ही बघू. रोपट्याला पाणीही परिचारिका घालतील. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत, अधिक आनंदी दिसू लागली. रोपटे दोघांनाही मिळाले होते. पाणी घालण्याचे काम एकालाच. मी आईचे पाणी घालण्याचे काम काढून घेतले होते.

हे सारे त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवले. सूनबाईला हाक मारून मी आईच्या भाजणीची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. स्टूल ओढून तिने दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि म्हणाली, "चढा बाबा, पण सावकाश."

कंदील जरा तिरपाच टांगला गेला. तो दिवाळीभर तसाच राहिला.