रिकामी बाटली हातात घेऊन

रात्रीची जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली, की बसा. सुरतेच्या डिंडोलीत अगदी सामसूम कधी होत नाही. उधन्याहून नंदुरबारकडे निघालेली ताप्ती लाइनची गाडी जाईल, गल्लीतला कुणी रातपाळीला निघेल. ते आवाज अडवू नका. श्वास येतोय, जातोय, एवढंच बघा.

आता औषधाची रिकामी बाटली हातात घ्या. माझी भंगारवाल्याच्या गोणीतून आली. चार बोटं उंच, बूच नाही, लेबल केव्हाच गळून गेलेलं. तुमच्याकडे जुनी नसेल तर घरातली बामची बाटली चालेल. डोळे मिटा. काच आधी गार लागेल. थांबा. तळहाताची ऊब तिच्यात उतरायला वेळ लागतो.

अंगठा बुडापासून हळूहळू वर न्या. साच्याच्या दोन भागांची जोडरेघ लागेल. माझ्या बाटलीवर ती मानेपाशी विरते आणि वरची कड जराशी वाकडी आहे. म्हणजे साच्यातून काढल्यावर तिचं तोंड कुणीतरी हाताने घडवलं. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं यंत्र सबंध बाटली करू लागलं आणि ही रेघ थेट ओठापर्यंत पोचली. जुन्या बाटल्या जमवणारे आधी इथेच बोट फिरवतात.

डोळे उघडा. बाटली दिव्यासमोर धरा. हिरवट झाक दिसते ती वाळूतल्या लोहाची. आतल्या पोकळीकडे बघा. नळीतून फुंकलेल्या हवेने ती फुगली. तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ च्या सुमारास उभा राहिला, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. तिथे शिकलेली पोरं अशाच नळ्या ओठाला लावत. एक श्वास सोडा, सावकाश. तेवढ्याच श्वासाला इथे आकार आलाय.

मग आत काय होतं? अशा बाटल्यांतल्या औषधांना 'पेटंट औषध' म्हणत, पण बहुतेकांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि धंदा सगळा गुपितावर चाले. नाव आणि बाटलीचा आकार तेवढा राखलेला. आपल्याकडे डोंगरे बालामृताचं नाव घरोघरी होतं. इंग्लंडात १८५१ साली विल्यम वुडवर्डने काढलेल्या ग्राइप वॉटरमध्ये शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, आणि थोडा मद्यार्कही असे. लेकरांना शांत करायच्या, अमेरिकेतल्या मिसेस विन्स्लोच्या सिरपमध्ये तर मॉर्फिन होतं. अफू-मॉर्फिन असेल तर लेबलावर छापलंच पाहिजे, हा कायदा तिथे १९०६ साली आला. आपल्याकडे चमत्कारी इलाजांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने आळा घातला.

इथे जरा जास्त थांबा. रडणारं लेकरू मांडीवर घेतलेली बाई डोळ्यांपुढे आणा. तिने चमचाभर पाजलं, लेकरू झोपलं, तिला वाटलं गुण आला. तिला दोष देऊ नका. तिच्यापाशी लेबल होतं, आणि त्यावर खरं लिहिलेलं नव्हतं. मला राग येतो तो लपवणाऱ्यांचा. तो आला तर येऊ द्या, मग पुन्हा काचेकडे या.

आमची माय दवाखान्यात जाताना घरून बाटली नेई, राखेने घासून. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरे आणि कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती बाजूला चिकटवे. एक खाच, एक डोस. मायला अक्षर येत नव्हतं, पण खाचा मोजता येत. औषध संपलं की झाकणाला भोक पाडून वात ओवायची, रॉकेल भरायचं, झाली चिमणी. खानदेशातल्या घरात आम्ही त्या उजेडात जेवलो. म्हणून अशा बाटल्या जमवणाऱ्यांकडे आपली बाटली क्वचितच सापडते. ती फेकली जायचीच नाही, जळत राहायची.

माझ्या बाटलीच्या तळाशी एक तपकिरी डाग आहे. तो मी घासलेला नाही. तुमच्या बाटलीत तसं काही असेल तर राहू द्या. खिडकीच्या कट्ट्यावर, पोरांचा धक्का लागणार नाही अशा जागी ती ठेवा आणि हात मांडीवर घ्या. काचेची ऊब अजून थोडा वेळ राहील.