वाचलेलें अंतर कोणाचें?

मोटरसायकल हा विषय तत्त्वविचाराच्या पंक्तींत बसेल कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु माणूस आपला पैसा कोणत्या वस्तूवर आधीं खर्च करतो आणि कोणत्या वस्तूवर शेवटीं, यांत त्याच्या नीतीचें जितकें प्रतिबिंब पडतें तितकें त्याच्या बोलण्यांत क्वचितच पडत असेल. या दृष्टीनें पाहतां क्रूझर नांवाच्या मोटरसायकलीचे ब्रेक व शॉक ॲब्सॉर्बर काढून त्यांच्या जागीं अधिक चांगले बसवावे कीं काय, हा केवळ गॅरेजांतला प्रश्न राहत नाहीं.

क्रूझर ही जात मूळची अमेरिकेची. मैलोगणती सरळ जाणाऱ्या रस्त्यांसाठीं ती घडली. म्हणून तिची बैठक ठेंगणी, दोन चाकांमधलें अंतर मोठें, पुढचा फोर्क कलता, आणि स्वाराचे पाय आरामखुर्चीवर पसरावे तसे पुढें पसरलेले. मिल्वॉकी येथें १९०३ सालीं सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें या जातीला जें रूप दिलें तेंच पुढें जगभर नमुना म्हणून मान्य झालें. आपल्याकडे २००५ सालीं आलेली बजाजची ‘अव्हेंजर’ आणि २०२० सालीं आलेली रॉयल एनफील्डची ‘मिटिऑर’ या त्याच घराण्यांतल्या. या घराण्याच्या इतिहासांत एक बोधक गोष्ट आहे. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना पुढें तेलाचा फोर्क १९४९ सालीं मिळाला. मागच्या चाकाला शॉक ॲब्सॉर्बर मिळण्यास मात्र १९५८ साल उजाडावें लागलें. तत्पूर्वीं मागचें चाक सांगाड्याला ताठ जखडलेलें असे, आणि बैठकीच्या स्प्रिंगांनीं झेलला तेवढा झेलून बाकीचा दणका स्वाराच्या कण्यानें सोसावयाचा असे. पुढें १९८४ सालच्या ‘सॉफ्टेल’ या गाडींत त्याच कंपनीनें मागचे शॉक ॲब्सॉर्बर गाडीच्या पोटाखालीं आडवे लपविले. हेतु हा कीं, पाहणाऱ्यास ती जुन्या ताठ सांगाड्याचीच वाटावी. मऊपणा हवा, पण तो दिसतां कामा नये. आराम भोगावयाचा, पण चेहरा सोसणाऱ्याचा ठेवावयाचा! मनुष्यस्वभावाचें इतकें नेमकें यंत्ररूप दुसरें क्वचितच आढळेल.

गाडी घेतल्यावर तिच्यांत सुधारणा करण्याची हौस पुष्कळ स्वारांना असते, आणि त्या सुधारणांचा क्रमही जवळजवळ ठरलेला असतो. पहिला मान सायलेन्सरला, कारण त्याचा आवाज चौकापलीकडे ऐकूं जातो. दुसरा मान चकाकीला. तिसरा एंजिनाच्या जोराला. ब्रेक आणि शॉक ॲब्सॉर्बर यांची पाळी शेवटीं येते, आणि पुष्कळदां तोंवर पैसे संपल्यामुळें येतच नाहीं. याचें कारण उघड आहे. जोर दाखवितां येतो. आवर दाखवितां येत नाहीं. उत्तम ब्रेकचा सारा पराक्रम न घडलेल्या गोष्टींत असतो, आणि न घडलेल्या गोष्टीला प्रेक्षक मिळत नाहींत.

प्राचीनांना हा प्रश्न या रूपांत पडला नव्हता. कठोपनिषदांत शरीराला रथ, बुद्धीला सारथि, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटलें आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादांतही आत्म्याला दोन घोड्यांच्या रथाची उपमा दिली आहे. दोन्ही रूपकांत सारथ्याच्या हातीं वळविण्याचें व आवरण्याचें साधन एकच असतें, तें म्हणजे लगाम. शिवाय घोडा हा सजीव प्राणी. तो दमतो, खड्डा दिसला कीं बिचकतो, सारथ्याला डुलकी लागली तरी ओळखीच्या वाटेनें घर गांठतो. एंजिनाला यांपैकीं कांहींच साधत नाहीं. त्याला भीति नाहीं आणि घरही नाहीं. म्हणून यंत्रयुगांत आवर हा जोरापासून सुटा झाला. त्याची दांडी निराळी, त्याचे भाग निराळे आणि त्याची किंमतही निराळी झाली. जी वस्तु निराळी विकत घ्यावी लागते, ती न घेण्याची मोकळीकही माणसाला मिळते. आणि येथेंच जुन्या रूपकांत नसलेला एक नैतिक प्रश्न उत्पन्न होतो.

हा सुटा झालेला आवर कसा चालतो तें पाहिल्याविना पुढील विचार नीट होणार नाहीं. स्वार बोटांनीं दांडी ओढतो. त्यामुळें एका लहान दट्ट्याचा दाब तेलांतून चाकाजवळच्या मोठ्या दट्ट्यांवर पोंचतो, आणि पास्कलच्या नियमाप्रमाणें बोटांचें बळ अनेक पटींनीं वाढून पॅड डिस्कला चिमटींत धरतात. मधली रबरी नळी दाबाखालीं किंचित फुगते, आणि जुनी झाली कीं अधिकच फुगते. तेव्हां दाबाचा कांहीं भाग तिच्या फुगण्यांतच खर्च होतो. म्हणून जाणकार तिच्या जागीं पोलादी तारांच्या विणीची नळी घालतात. ब्रेकचें तेल हवेंतली ओल शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये असा दंडक आहे. ओल शोषलेल्या तेलासाठीं हीच मर्यादा १५५ अंशांवर उतरते. पांचगणीहून पसरणीच्या घाटानें वाईस उतरतांना ब्रेक सतत दाबून धरला, तर असें जुनें तेल उकळून त्यांत वाफ होऊं शकते. आणि वाफ दबत असल्यामुळें दांडी हँडलाला टेकते तरी गाडी थांबत नाहीं. बाहेरून शाबूत दिसणारा आवर आंतून पाणी झालेला असतो.

शॉक ॲब्सॉर्बरचें काम आराम देणें हें होय, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्याचें अधिक महत्त्वाचें काम टायरला रस्त्याशीं जोडून ठेवणें हें आहे. स्प्रिंग दणका झेलते, पण झेललेला दणका ती परतही करते. एकटी स्प्रिंग असेल तर एका खड्ड्याची आठवण गाडी पुढें कितीतरी वेळ उसळ्या मारून काढील. तेलाला बारीक छिद्रांतून जावें लागतें, त्या रोधानें ही उसळी शमते. हा रोधही बेताचा हवा. तो फार झाला तर खड्ड्यावरून वर उचललेलें चाक परत खालीं येण्यापूर्वींच दुसरा खड्डा येतो. स्वार बसल्यावर एकंदर हालचालीच्या पाव ते एक-तृतीयांश इतकी स्प्रिंग खचावी, असा साधारण नियम सांगतात. कांहीं फार ठेंगण्या क्रूझरांत दिसण्याच्या हौसेपायीं मागच्या चाकाला मुळांत दोन-तीन इंचांचीच हालचाल ठेवलेली असते, मग या नियमाला वावच उरत नाहीं. पुढच्या स्प्रिंगा फार मऊ असल्या तर ब्रेक जोरानें लावतांच फोर्क तळाला जाऊन बसतो, आणि त्याच क्षणीं खांच आली तर चाक आदळून टायर रस्ता सोडतो. टायरनें रस्ता सोडला कीं उत्तमांतला उत्तम ब्रेकही व्यर्थ: चाक थांबेल, गाडी थांबणार नाहीं. म्हणून ब्रेक सुधारून शॉक ॲब्सॉर्बर जुनेच ठेवणें हें निश्चय पक्का करून स्वभाव तसाच ठेवण्यासारखें आहे.

इतकें सारें समजून-उमजून, दोन्ही भागांवर पदरचे पैसे खर्च करणारा स्वार स्तुतीस पात्र आहे, असें कोणीही म्हणेल. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. माझा एक जुना विद्यार्थी अशी गाडी बाळगतो. त्यानें ब्रेक, नळ्या, पुढच्या स्प्रिंगा व मागचे शॉक ॲब्सॉर्बर असे सर्व बदलून घेतले, आणि मोठ्या समाधानानें तो मला म्हणाला, “सर, आतां थोडें सैल सोडायला हरकत नाहीं.” वाक्य निरागस आहे. पण आपण जरा हिशेब करून पाहूं.

समजा, गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालली आहे, आणि धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो. जुन्या ब्रेकनें गाडीचा वेग दर सेकंदास सेकंदाला ६ मीटर इतका घटतो असें धरलें, तर ती सुमारें ४० मीटरांवर थांबेल. सुधारणेनंतर हा आंकडा ६ चा ८ झाला, तर ती ३४ मीटरांवर थांबेल. वाचलेलें अंतर सहा मीटर. तें क्षुल्लक वाटेल. पण ज्या जागीं नवी गाडी थांबली त्या जागीं जुनी गाडी अजून ताशीं ३० किलोमीटर वेगानें धांवत असते. तेथें एखादें शाळकरी मूल उभें असेल, तर या सहा मीटरांचें मोल रुपयांत सांगतां येणार नाहीं. आतां वेग ‘थोडा सैल’ सोडला, ६० चा ६६ केला, कीं थांबण्याचें अंतर पुन्हां जवळजवळ ४० मीटर होतें. ताशीं सहा किलोमीटरांच्या चैनींत सारी शिल्लक संपली! इतकेंच नव्हे, तर ३४ मीटरांवरच्या त्या मुलापाशीं ही सुधारलेली गाडी ताशीं सुमारें ३३ किलोमीटर वेगानें पोंचते. म्हणजे न सुधारलेल्या गाडीपेक्षांही अधिक वेगानें. खर्च स्वारानें केला आणि किंमत मुलानें दिली, असा हा व्यवहार होतो.

येथें कोणी म्हणेल कीं, मनुष्यस्वभावच असा आहे. त्याला सुरक्षितता द्यावी आणि त्यानें ती वेगांत उडवावी, हें चालावयाचेंच. या म्हणण्याला विद्वानांचा आधारही आहे. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, कायद्यानें मोटारींत बसविलेल्या सुरक्षासाधनांमुळें आंत बसलेल्यांचे जे प्राण वाचले, त्यांची भरपाई चालकांच्या वाढलेल्या धाडसानें व पादचाऱ्यांच्या मृत्यूंनीं होऊन गेली. म्यूनिकमध्यें १९८० नंतरच्या दशकांत टॅक्सींवर एक प्रयोग झाला. कांहीं टॅक्सींना चाक न अडकूं देणारे ए.बी.एस. ब्रेक होते, कांहींना नव्हते. पण अपघातांच्या संख्येंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं, आणि चांगले ब्रेक लाभलेले चालक अधिक बेफामपणें वळत व थांबत असल्याचें दिसलें. तथापि पेल्ट्झमन यांच्या निष्कर्षावर पुढें पुष्कळ वाद झाला. आणि मोटरसायकलींच्या बाबतींत तर अमेरिकेंतील विमा कंपन्यांनीं चालविलेल्या महामार्ग-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासांत ए.बी.एस. असलेल्या गाड्यांवर प्राणघातक अपघातांचें प्रमाण स्पष्टपणें कमी आढळलें. तेव्हां शिल्लक उधळण्याची प्रवृत्ति खरी. पण ती गुरुत्वाकर्षणासारखा अटळ नियम नव्हे. दगडानें खालीं पडावें कीं नाहीं असा प्रश्न आपण विचारीत नाहीं, कारण त्याला निवड नसते. स्वाराला ती असते, आणि जेथें प्रवृत्ति आहे पण सक्ति नाहीं तेथूनच नीतीचा प्रांत सुरू होतो.

मग वाचलेलें अंतर कोणाचें? स्वार म्हणेल, “माझें, मीं त्याचे पैसे मोजले आहेत.” व्यवहाराच्या भाषेंत हें उत्तर बिनतोड आहे. परंतु त्यांत एक जुनी बाकी विसरली जाते. ब्रेक सुधारण्यापूर्वीं तो ज्या वेगानें हिंडत होता, त्या वेगाचा धोका एकट्याच्या अंगावर नव्हता. त्याच्या मागें बसलेल्या माणसावर तो होता. रस्ता ओलांडणारी म्हातारी, सायकलवरचा दूधवाला, घराकडे परतणारीं गुरें या सर्वांवर तो थोडाथोडा वांटलेला होता, आणि त्यांपैकीं कोणाचीही संमति घेतलेली नव्हती. म्हणजे इतके दिवस तो त्यांच्याकडून न मागतां उसनें घेत होता. या दृष्टीनें ब्रेकवर केलेला खर्च ही कर्जफेड ठरते. फेडलेलें कर्ज दुसऱ्याच दिवशीं पुन्हां उचलणाऱ्यास आपण प्रामाणिक ऋणको म्हणत नाहीं.

गांधीजींनीं धनिकाला त्याच्या धनाचा विश्वस्त म्हटलें. ती कल्पना संपत्तीच्या क्षेत्रांत कितपत व्यवहार्य आहे याविषयीं मतभेद असूं शकतील. पण रस्त्यावर ती अक्षरशः लागू पडते असें मला वाटतें. वाचलेले सहा मीटर स्वाराच्या हातीं असतात, त्याच्या मालकीचे नसतात. यावर असा आक्षेप येईल कीं, पहांटेच्या मोकळ्या रस्त्यावर, जेथें चिटपांखरूं नाहीं, तेथें तरी आपल्या वांट्याचा धोका पत्करण्याचा हक्क त्याला असावा. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. आपल्या जिवाशीं थोडें साहस करणें हें मनुष्याच्या स्वातंत्र्याचें अंग आहे, आणि तें सर्वस्वीं काढून घेतलें तर उरणारी सुरक्षितता पिंजऱ्याची असेल. मात्र रस्ता मोकळा आहे म्हणजे दृष्टि पोंचते तेथपर्यंतच तो मोकळा आहे. वळणापलीकडचा रस्ता कोणाचा आहे हें वळण घेतल्यावरच कळतें. शिवाय मागें बसलेल्या माणसाच्या हातीं ना दांडी असते ना निवड.

कायदा या प्रश्नांत अर्ध्या वाटेपर्यंत येऊं शकतो. भारतांत १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या एंजिनाच्या नव्या नमुन्याच्या मोटरसायकलींना १ एप्रिल २०१८ पासून, आणि आधींपासून चालत आलेल्या नमुन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, ए.बी.एस. सक्तीचें झालें. हें योग्यच झालें. न घेण्याची जी मोकळीक होती ती तेवढ्यापुरती संपली. परंतु चांगल्या ब्रेकनें निर्माण केलेली शिल्लक कशी वापरावी, याचा हुकूम कोणत्याही सरकारास सोडतां येणार नाहीं. वेगमर्यादेची पाटी आपण किती वेगानें जावें हें सांगते. मर्यादेच्या आंतही दुसऱ्यासाठीं किती राखून ठेवावें हें ती सांगत नाहीं.

म्हणून ज्याच्याजवळ क्रूझर आहे आणि खर्चण्यास पैसा आहे, त्यानें सायलेन्सरच्या आधीं तेल, नळ्या, पॅड आणि स्प्रिंगा बदलाव्या, याविषयीं मला संदेह नाहीं. आणि बदलून झाल्यावर पूर्वीं ज्या रस्त्यावर ६० नें जात होता त्या रस्त्यावर ६० नेंच जावें. आपण कांहीं मिळविलें असें त्या दिवशीं त्याला वाटणार नाहीं. कदाचित् पुढेंही कधीं वाटणार नाहीं. गॅरेजच्या पावतीवर नांव त्याचें असतें. त्या सहा मीटरांवर कोणाचें नांव आहे हें त्याला आधीं कळण्याचा उपाय नाहीं, आणि कळलें नाहीं म्हणून तें अंतर त्याचें होत नाहीं.