मढं पुरणारा भुंगा आणि आपली मर्जी

अमेरिकेत एक भुंगा आहे. अमेरिकन बरिंग बीटल. काळा कुळकुळीत, अंगावर शेंदरी ठिपके, लांबीला इंच-सव्वा इंच. धंदा काय? मेलेलं पाखरू, मेलेला उंदीर पुरणं. रातच्याला वास काढत येतो. नर-मादी मिळून मढ्याखालची माती उपसतात, पिसं-केस काढून टाकतात, अंगातला रस चोपडतात म्हणजे सडणं लांबतं. त्याच्यावर पोरं वाढवतात. बापही भरवतो, नुसती आई नाही.

एकेकाळी हा 35 राज्यांत होता. 1989 साली सरकारनं त्याला नष्ट होणाऱ्यांच्या यादीत घातला, 2020 साली धोका एक पायरी उतरवला. 1994 पासून नॅन्टकेट बेटावर, 2012 पासून मिसूरीच्या गवताळ रानात परत सोडला. तगला का ते बघायला माणसं लागतात. संध्याकाळी जमिनीत डबा पुरायचा, आत नासलेली कोंबडी नाहीतर उंदीर. रात्र भुंग्याची. ऊन तापायच्या आत डबा उघडून मोजायचे नि सोडून द्यायचे. संशोधकांसोबत हौशी माणसंही जातात. फुकट. स्वखुशीनं.

वाचून मी आधी हसलो. मग तिसऱ्या पाळीभर चात्यांपुढं तेच डोक्यात.

दोस्तहो, त्यांच्याही हाताला नासक्या मांसाचा वास लागत असेल. घरी गेले, साबण लावला, गेला. माझ्या पणज्याच्या हाताचा गेला नाही. तो आजाच्या, बाच्या नावाला चिकटला. पणजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. 1956 ला धम्म घेतला आणि दोरी टाकली. गावानं बलुतं बंद केलं. वतन कायद्यानं जायला 1958 उजाडलं, पणज्यानं त्याआधीच उपाशी राहून सोडलं होतं.

मग काम तेच आणि मान वेगळा, हे कसं? शिकलेला म्हणेल, मर्जीचा फरक. त्याला ‘नको’ म्हणता येतं. बरोबर. 2016 ला उना इथं मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना मारलं, तेव्हा गुजरातेतल्या आपल्या माणसांनी मेलेली ढोरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. ते ‘नको’ होतं. ‘कुठलंच काम हलकं नसतं’ हे मात्र नेहमी ते काम न करणाराच सांगतो, हे ध्यानात ठेवा.

पण माझं अडतं पुढं. मर्जी एकट्याच्या मनात असून भागतं का? बघणाऱ्यानं ती मर्जी म्हणून ओळखायला नको?

गेल्या पावसाळ्यात गिरणीच्या फाटकाशी कुत्रं मरून पडलं. आम्ही आठजण उभे. मुकादमानं आठांवरून नजर फिरवली नि माझ्यावर थांबवली. “जा रे, तेवढं उचल.” मी म्हणालो, “नाही उचलत.” सात जण जमिनीकडं बघत राहिले. माझी एक हजेरी कापली.

खरं सांगू? ते कुत्रं माझ्या ओळखीचं. रोज सुटीला मी त्याला भाकरीचा तुकडा टाकायचो. मुकादम बोलला नसता तर मीच खड्डा काढून पुरलं असतं. त्याच्या एका शब्दानं माझी माया महारकी झाली. आता पुरलं असतं तर कोण म्हणणार होतं हौशी?

दोन दिवस कुत्रं तिथंच होतं. पाळीला जाता-येता मी नाकाला रुमाल लावला नाही. तिसऱ्या रात्री आलो तर जागा मोकळी. कुणी नेलं, मी विचारलं नाही.