न खाणाऱ्याचं म्हणणं

मागच्या महिन्यात घरी एक गोल्डफिश आणला. पहिले चार दिवस त्यानं काहीच खाल्लं नाही. टाकलेले दाणे पाण्यावर तरंगायचे, फुगायचे आणि हळूहळू तळाशी जायचे. मासा फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात पंख मिटून पडून असायचा. मी रोज नवा उपाय करत होतो. दाणे भिजवून टाकले, दुसऱ्या कंपनीचे आणले, मटार उकडून, साल काढून, चुरून टाकला. आपल्याकडे मायेची भाषाच ही आहे. घरात कुणी रुसलेलं असो, आजारी असो की परीक्षेत नापास झालेलं, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: दोन घास खाऊन घे.

पाचव्या दिवशी पाणी तपासलं. चाचणीच्या नळीतलं पाणी हिरवं झालं, म्हणजे त्यात अमोनिया होता. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकत असतो. नदीत तो विरून जातो, टाकीत साठतो. जुन्या टाकीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तळाशी कुजणारं अन्नही अमोनियाच तयार करतं. म्हणजे मी ज्याला मदत म्हणत होतो, त्यानं त्याचं पाणी आणखी बिघडत होतं.

मग खाणं बंद केलं, तळाचे दाणे काढले आणि रोज पाव टाकी पाणी बदलू लागलो, तेही क्लोरीन काढून. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहू शकतो. बिघडलेल्या पाण्यात मात्र त्याचा निभाव लागत नाही.

या प्रकारात मला सगळ्यात जास्त खटकलं ते माझं गृहीतक. माझे सगळे उपाय, दोष माशात आहे असं धरून चालले होते. त्याला चव नसेल, सवय नसेल, तो घाबरट असेल. ज्या पाण्यात त्याला मी आणून सोडलं, त्या पाण्यावर संशय घ्यायला मला पाच दिवस लागले. कारण पाणी माझं होतं. आपण दिलेलं कुणी नाकारलं की आपण नाकारणाऱ्याकडे बघतो, दिलेल्याकडे क्वचितच.

इथे मला मणिबेली आठवलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेकाठचं हे आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी ते पहिलं. गावातली काही कुटुंबं गुजरातमधल्या वसाहतींत गेली, काहींनी जायला नकार दिला. त्या नकाराकडे शहरांत कसं पाहिलं गेलं, हे जुन्या वादांवरून कळतं: जमीन मिळतेय, पैसे मिळतायत, तरी ही माणसं हट्ट का करतात? यांना कोण फूस लावतंय? माझ्या दाण्यांसारखाच हा प्रश्नही देणाऱ्याच्या बाजूनं विचारलेला होता.

1991च्या जानेवारीत याच लढ्यात फेरकुवा इथे मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी उपोषणाला बसले. ते तीन आठवडे चाललं. उपोषण म्हणजे मुद्दाम न खाणं, आणि त्याचं उत्तर ताट पुढे करणं हे नसतं. उपाशी बसलेला माणूस अन्नाबद्दल बोलतच नसतो. त्याच वर्षी जागतिक बँकेनं ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. पाणी तपासायला बाहेरचं कुणीतरी आलं म्हणायचं. 1992मध्ये समितीनं अहवाल दिला: आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही. 1993मध्ये बँकेचं कर्ज थांबलं. धरणाचं काम मात्र पुढे चालू राहिलं आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. पाणी तपासणं आणि पाणी बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला किट पुरतं. दुसरीसाठी आपल्या सोयीतलं काहीतरी सोडावं लागतं.

माणसांची तुलना माशाशी करताना जीभ अडखळते, आणि ती अडखळायलाच हवी. पण फरक कुठे आहे ते नीट पाहिलं, तर तो आपल्या बाजूचा निघत नाही. मासा बोलू शकत नाही, म्हणून त्याचं न खाणं मला नळीत पाणी घेऊन वाचावं लागलं. मणिबेलीची माणसं बोलत होती. सभांत, मोर्च्यांत, स्वतःच्या भाषेत आणि मराठीतही. तिथे अंदाज बांधायची गरजच नव्हती. माशाच्या बाबतीत माझा गुन्हा अज्ञानाचा होता. ऐकू येत असतानाही न ऐकण्याला तो शब्द लावता येणार नाही.

नवव्या दिवशी माशानं एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला आणि गिळला. मला भलताच आनंद झाला. प्रश्न सुटला असं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याचीच शंका आली. त्यानं खाल्लं याचा अर्थ पाणी आता जगण्याजोगं झालंय, इतकाच. काचेच्या या चार भिंती त्याला मान्य आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही. ते मी त्याला कधी विचारलेलंच नाही.

नर्मदेच्या त्या खोऱ्यात आज विस्थापितांच्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत. ज्या पाण्यानं शेतं घेतली, त्याच पाण्यात जाळी टाकून काही घरं चालतात. लांबून बघणाऱ्याला यावरून म्हणता येईल, बघा, रुळले शेवटी. पण रुळणं म्हणजे संमती नव्हे. जगायचं तर समोर असेल त्या पाण्यातच जगावं लागतं. समोरचा खायला लागला की मदत करणाऱ्याला आपलं काम संपल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच तो पाणी तपासायचं सोडून देतो.

मी अजून दर रविवारी नळी भरतो. मासा आता व्यवस्थित खातो.