उसना विसावा

"नाखुदा म्हणजे काय, सर?" सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले. आम्ही फळ्याकडे वळून अर्थ लिहिला : जहाजाचा धनी, कप्तान. फारसीत 'नाव' म्हणजे नौका आणि 'खुदा' म्हणजे मालक. मग मराठीतही तोच शब्द आहे हे सांगण्याची संधी साधली. आपल्या मराठीतली 'नाव' आणि फारसीतली 'नाव' एकाच जुन्या घराण्यातल्या, शब्द कुठल्या कुठे प्रवास करतात पाहा, वगैरे. वर्ग खूश झाला. ती मुलगी मात्र बसली नाही. "तुम्ही बसलात का हो कधी नावेत?"

आम्ही बसलो नव्हतो. उर्दू शिकवताना किश्ती, साहिल, तूफान, मल्लाह हे शब्द आमच्या तोंडी रोज असतात. उर्दू शायरीतले निम्मे जग पाण्यावर तरंगते. आणि आम्ही राहतो बुलडाणा जिल्ह्यात, जिथे समुद्र ही नकाशातली निळी पट्टी आहे. तसे पाहिले तर आमचा जिल्हा दोन समुद्रांचा आहे. घाटाखालची नळगंगा आपले पाणी पूर्णेला देते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. घाटावरची पैनगंगा आणि खडकपूर्णा मात्र शेवटी गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जातात. पाऊस एकच, पण घाटाच्या कुठल्या अंगाला पडला यावर त्याचे नशीब ठरते. एवढे भूगोलात शिकवणारे आम्ही, कधी पाण्यावर पाऊल ठेवलेले नव्हते.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघा शिक्षकांनी ठरवले की देऊळगाव राजा तालुक्यातल्या खडकपूर्णा धरणावर जायचे. लोक या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. पावसाळ्यात त्याचे १९ दरवाजे उघडल्याची बातमी आली की खालच्या गावांना सावध राहावे लागते. आता पाऊस सरला होता आणि पाणी काठोकाठ होते. सोयाबीन निघाले होते, कपाशी फुटू लागली होती. उर्दू शायरीतली खिजां म्हणजे पानगळीचा उदास मौसम. आमच्याकडे त्या महिन्यांत काही गळत नाही. इथला शरद म्हणजे भरलेल्या विहिरी, स्वच्छ आभाळ आणि दुपारचे झोंबणारे ऊन. आमची पानगळ शिशिरात येते, तोवर विहिरी तळाला गेलेल्या असतात. वर्गात आम्ही खिजांचा अर्थ 'शरद' असा सांगत आलो, तो दुरुस्त करायला हवा हे आम्हाला त्या काठावर कळले.

ओळखीतल्या एकाने एका मासेमाराची गाठ घालून दिली. धरणावर आता बरेच जण थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून जाळी टाकतात. या काकांकडे मात्र लाकडी होडी होती. फळ्यांच्या सांध्यांत डांबर भरलेले, एका जागी पत्र्याचे ठिगळ, तळाशी साचणारे पाणी उपसायला तेलाचा कापलेला डबा. दिवसाचे पाचशे रुपये ठरले. सकाळचे जाळे काढून झाले की ते आम्हाला घेऊन निघत आणि ऊन उतरेपर्यंत फिरवत. असे आम्ही लागोपाठ तीन दिवस गेलो.

पहिल्या दिवशी आम्ही अक्षरशः काही केले नाही. घरून आणलेली खिचडी आणि लोणचे खाल्ले, डोक्यावर रुमाल टाकून फळीवर आडवे झालो, वल्ह्यावरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत राहिलो. मतदार याद्या, पोषण आहाराचे रजिस्टर, ऑनलाइन भरायची माहिती, सारे काठावर राहिले. आमच्यातला एक जण म्हणाला, "सुकून म्हणतात तो हाच." मग त्याने काकांना विचारले, "काका, तुमची तर रोजच मजा असेल नाही?"

काकांनी वल्हे थांबवले नाही. म्हणाले, "सर, सुट्टीत तुम्ही शाळेत जाऊन बसता का हो, मजा म्हणून?"

आम्ही हसलो. पण त्या रात्री घरी आल्यावर तेच वाक्य ज्याच्या त्याच्या डोक्यात होते, हे दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलताना कळले. आम्ही जिथे विसावा घ्यायला जात होतो, ती कुणाची तरी राबण्याची जागा होती. आमचा सुकून जिच्यावर तरंगत होता, ती होडी दोन हात ओढत होते.

दुसऱ्या दिवशी याहून पुढची गोष्ट समजली. पाण्यातून वर आलेले एका वाळक्या झाडाचे शेंडे दाखवत काका सहज म्हणाले, "त्याच्या अलीकडं आमची विहीर होती." धरणात जमीन गेली, मोबदला आला, भावांत वाटला गेला आणि संपला. जमीन कसणारा माणूस त्याच जमिनीच्या डोक्यावर जाळे टाकू लागला. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्हाला मात्र आडवे होणे जमेना.

इथून आमच्यात वाद सुरू झाला. वाचकहो, तो वाद आपल्यापुढे ठेवण्यासाठीच हा लेख आहे. प्रश्न साधा आहे. दुसऱ्याच्या कष्टावर आणि दुसऱ्याच्या नुकसानीवर आपण जो आराम करतो, तो आपल्याला हलाल आहे का?

एक मित्र म्हणाला, आरामच कशाला हवा? आपण ज्या घरांत वाढलो तिथे रिकामा बसलेला माणूस म्हणजे बिघडलेला माणूस. वालिद हातगाडीवर किंवा यंत्रमागावर, अम्मी शिलाईच्या मशीनवर. विसावा हा शब्द आपल्या घरात फक्त आजारपणात यायचा. हे खरे आहे. पण आम्हाला हे उत्तर पटले नाही. दिवसा रोजा आणि रात्रभर इबादत करणाऱ्या एका तरुण सहाबीला पैगंबरांनी (स.) समजावले होते की तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक आहे, डोळ्यांचाही आहे. जिथे इबादतीलाही शरीराचा हक मोडण्याची मुभा नाही, तिथे नोकरीला कशी असेल? विसावा हा हक आहे. मात्र तो हक असेल तर वल्हे मारणाऱ्या शरीराचाही असलाच पाहिजे. आमच्याच युक्तिवादाने आम्हाला आणखी अडचणीत आणले.

दुसरा मित्र म्हणाला, आपण पैसे दिले, घासाघीस केली नाही, विषय संपला. यातही तथ्य आहे. मेहनतीचा मोबदला वेळेवर आणि पुरा देणे ही पहिली पायरी आहे आणि पुष्कळ लोक तिथपर्यंतही पोचत नाहीत. पण पाचशे रुपयांत आम्ही काय विकत घेतले? दोन हातांचे काही तास. खालची विहीर त्या सौद्यात नव्हती, तरी आम्ही तिच्यावरून फिरत होतो. आणि गावाच्या नळाला धरणाचे पाणी येते, शेताला कालव्याचे पाणी मिळते, तेव्हा तर आपण कुणालाच काही देत नाही. म्हणजे होडी हे निमित्त. बुडालेल्या विहिरींवर आपण सारेच बसलेलो आहोत.

तिसरा म्हणाला, मग उद्यापासून येऊ नये. यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. न येण्याने काय झाले असते? आमचे मन स्वच्छ राहिले असते आणि काकांचे पाचशे रुपये बुडाले असते. स्वतःला दोषी मानत घरी बसणे हासुद्धा एक प्रकारचा आरामच आहे, आणि त्याची किंमत पुन्हा दुसऱ्यानेच मोजायची.

अशा वेळी त्या जलाशयाच्या नावाने आम्हाला वाट दाखवली. संत चोखामेळा यांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे मेहुणा राजा याच तालुक्यात आहे, म्हणून हे नाव. आणि चोखोबांचा अंत कसा झाला? शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू होते. त्या कामावर राबणाऱ्या मजुरांवर भिंत कोसळली आणि त्या ढिगाऱ्यात चोखोबा गेले. ज्या गावाच्या रक्षणासाठी ती भिंत होती, त्या गावात त्यांच्या जातीला जागा कुसाबाहेर होती. पंढरपुरात त्यांची समाधी आहे, तीही मंदिराच्या महाद्वारासमोर, पायरीपाशी. दुसऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राबताना मेलेल्या माणसाचे नाव ज्या पाण्याला दिले आहे, त्या पाण्यावर उताणे पडून आम्ही सुकून शोधत होतो. नाव देणे सोपे असते. मराठीत होडीलाही नाव म्हणतात आणि ओळखीलाही. पहिल्या नावेत बसताना दुसरे नाव विसरायला होते. दोन दिवस झाले तरी आम्ही काकांना त्यांचे नाव विचारले नव्हते.

नावेची एक हदीस आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. एका नावेत काही लोक वरच्या मजल्यावर आहेत, काही खालच्या. जागा चिठ्ठ्या टाकून मिळालेल्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागते. ते म्हणतात, आपण आपल्याच हिश्श्यात एक भोक पाडू या. वरच्यांनी त्यांना अडवले नाही तर सगळे बुडतील, अडवले तर सगळे तरतील. आम्ही ही गोष्ट नेहमी अशी शिकवली की चुकीचे काम करणाऱ्याला रोखा. ती शिकवण बरोबरच आहे. या जलाशयात तर ती रोज लागू पडते. चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी इथे चालतात आणि महसूल खात्याने त्या स्फोटाने उडवल्याच्या बातम्या येतात. नदीचा तळ आपल्याच हिश्श्याचा आहे असे समजून भोक पाडणारे ते हेच.

पण त्या दिवशी होडीत बसून ही गोष्ट आठवली तेव्हा तिच्यातली एक बारीक गोष्ट प्रथमच लक्षात आली. खालचे लोक भोक पाडायला का निघाले? आपल्या जाण्यायेण्याचा वरच्यांना त्रास होऊ नये म्हणून. म्हणजे वरच्यांच्या आरामात अडथळा नको, या संकोचातून ती कुऱ्हाड उचलली गेली. वरच्यांनी हात धरून अडवणे हे अर्धे काम झाले. 'या, निःसंकोच पाणी घ्या' असे आधीच म्हटले असते तर कुऱ्हाडीची वेळ आली नसती. आणि वर कोण, खाली कोण, हे चिठ्ठीने ठरलेले. आम्ही डी.एड., बी.एड. होऊन पगारावर लागलो यात कष्ट आहेतच, पण चिठ्ठीही आहे. आमची जमीन धरणात नव्हती, एवढीच ती चिठ्ठी.

तेव्हा आम्ही अशा निष्कर्षाला आलो. विसावा ही कमाई नाही, उसनवारी आहे. आपण निवांत असतो तेव्हा कुणीतरी आपल्या वाटचे जागे असते. कर्ज घेणे गुनाह नाही, ते विसरणे गुनाह आहे. जो विसावा ज्याच्याकडून घेतला त्याला थोडातरी परत करता येतो, तो हलालच्या जवळ जातो. जो परत करता येत नाही, त्याची निदान नोंद ठेवावी, मुलांना सांगावी.

तिसऱ्या दिवशी आम्ही काकांना त्यांचे नाव विचारले आणि म्हटले, आज तुम्ही बसा, वल्हे आम्ही मारतो. ते संकोचले, मग नाळेपाशी पाय पसरून बसले. आमच्या हाती वल्हे येताच होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. मौलाना रूमींच्या मसनवीत एक व्याकरणपंडित नावाड्याला विचारतो, तुला व्याकरण येते का? नाही म्हटल्यावर म्हणतो, मग अर्धे आयुष्य वाया गेले. पुढे वादळ आल्यावर नावाडी विचारतो, तुम्हाला पोहता येते का? नाही? मग सगळेच गेले. आम्हा चौघांपैकी एकालाही पोहता येत नव्हते आणि होडीत एकही जॅकेट नव्हते. काका मात्र रुमाल तोंडावर घेऊन पाव तास खरोखर झोपले. उठून आजूबाजूला पाहत म्हणाले, "सर, कुठं आणलं हो? आता दुप्पट वल्हं मारावं लागंल." सर्वांत जास्त तेच हसले.

आमचा विसावा आम्ही परत केला, असे म्हणण्याची आमची हिंमत नाही. पाव तासाने विहीर वर येत नाही.

सुट्टी संपल्यावर त्या मुलीला सांगितले, हो, बसलो. लगेच सगळा वर्ग म्हणाला, आम्हालाही न्या. आम्ही नाही म्हणालो. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्या उजनीच्या पाण्यात बोट बुडून ६ जण गेले. प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट असल्याशिवाय कुणाची मुले पाण्यावर नेण्याचा हक आम्हाला नाही. मुलांचा आनंदही उसना घ्यायचा असतो, त्यांच्या आईबापांकडून.

मग फळ्यावर 'नाखुदा'चा अर्थ पुन्हा लिहिला आणि धरणाची, विहिरीची आणि काकांच्या झोपेची गोष्ट सांगितली. ती मुलगी पुन्हा उभी राहिली. "सर, होडी त्यांची, मग नाखुदा तेच ना?"

"हो," आम्ही म्हणालो.

"मग शेत पाण्यात गेलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं का?"

घंटा झाली होती. तरी आम्ही वर्गातच बसून राहिलो.